डेंग्यूनंतर केस गळतायत आणि नखांवर पण आडव्या खाचा आल्यात - मदत हवी आहे

शेवंती:
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असते, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय.

सप्टेंबरच्या मध्याला मला डेंग्यू झाला, ताप चांगलाच चढला होता, प्लेटलेट्स उतरल्या म्हणून ॲडमिट पण केलं होतं. ऑक्टोबरभर अशक्तपणा होता, मग हळूहळू ठीक झालं आणि वाटलं सुटलो एकदाचे. तर आता डिसेंबर लागल्यापासून केस असे काही गळायला लागलेत की विचारू नका, नहाताना हातात पुंजका, मोरीच्या जाळीवर गुंता, उशीवर, ओढणीवर, परवा कणकेत निघाला आणि नवऱ्याने काही न बोलता ती पोळी बाजूला ठेवली. एका जागी टक्कल असं नाहीये, सगळीकडूनच विरळ झालेत, भांग रुंद दिसतो. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. सासूबाई म्हणतात मुळासकट येतायत म्हणजे तिथे आता परत उगवायचे नाहीत, तेव्हापासून झोप उडालीये.

दुसरं म्हणजे नखं. नेलपेंट लावताना ब्रश अडखळला म्हणून नीट बघितलं तर हाताच्या दहाही नखांवर आडवी खाच, अंगठ्यावर सगळ्यात खोल, आणि सगळीकडे साधारण एकाच रेषेत. दुखत वगैरे नाही.

मेडिकलवाल्याने बायोटिनच्या (बी गटातलं एक व्हिटॅमिन) १० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्यात त्या घेतेय, पार्लरवाली म्हणते सरळ बॉयकट करा म्हणजे मुळावरचा भार कमी होईल, आणि शेजारच्या काकूंच्या मते हे सगळं टँकरच्या पाण्यामुळे. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १०.८, टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) नॉर्मल. स्किनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट जानेवारीत मिळालीये. तोवर कोणी सांगेल का की केस आणि नखं हा एकच प्रकार आहे की दोन वेगळे, आणि केस परत येतात का?

सुईदोरा:
+१. मला डिलिव्हरीनंतर चौथ्या महिन्यात अगदी हेच झालं होतं, बाळाच्या मुठीत पण माझेच केस. वर्षभरात आले परत. टेन्शन घेऊ नकोस गं, त्याने अजून गळतात.

खडीसाखर:
कांद्याचा रस. आठवड्यातून दोनदा. बाकी सगळं झूठ.

बाराखडी:
मी नर्सिंगच्या मुलींना ॲनाटॉमी शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. पण शेवंती, तुमचं वर्णन वाचून राहवलं नाही.

केस, नखं, घामाच्या ग्रंथी, तेलग्रंथी हे सगळं एकाच घरचं. आईच्या पोटात असतानाच त्वचेचा वरचा थर जागोजाग खाली खोल शिरतो आणि त्यातून हे तयार होतं. केस जिथून निघतो ते फॉलिकल पार आतल्या थरात, डोक्यावर तर खालच्या चरबीपर्यंत गेलेलं असतं. बाहेर दिसतो तो केस म्हणजे नुसतं मेलेलं केराटिन नावाचं प्रथिन, त्याचा कसला भार मुळावर? म्हणून बॉयकट करा नाहीतर कमरेपर्यंत ठेवा, फॉलिकलला पत्ता नसतो. जावळ काढल्यावर केस दाट येतात म्हणतात त्यातही तथ्य नाही, फॉलिकल जन्माच्या वेळी असतात तेवढीच.

आता गळण्याचं. डोक्यावर साधारण १ लाख केस, त्यातले ८५ ते ९० टक्के एकावेळी वाढत असतात, हा टप्पा २ ते ६ वर्षं चालतो. मग दोन-तीन आठवडे आवराआवर आणि नंतर जवळजवळ ३ महिने विश्रांती, आणि शेवटी तो केस पडतो. रोज ५० ते १०० पडणं म्हणूनच नॉर्मल. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन असा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदम वेळेआधी विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळायला लागतात, याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. सप्टेंबर ते डिसेंबर, मोजा तुम्हीच. टँकरला उगाच दोष.

तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हे. वाढता केस उपटला तर टोक काळसर, चिकट, भोवती पारदर्शक पापुद्रा असतो. विश्रांतीतल्या केसाचं टोक कोरडं, पांढरं, टाचणीच्या डोक्यासारखं. फॉलिकल आत जागच्या जागी असतं आणि बऱ्याचदा खालून नवा केस निघालेला असतो. सासूबाईंना सांगा हे.

नखांवरच्या खाचांना ब्यूच्या रेषा म्हणतात, ब्यू हे फ्रेंच डॉक्टर, त्यांनी १८४६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. नख तयार होतं ते त्याच्या मुळाशी कातडीखाली, मेट्रिक्समध्ये. अंगठ्यावर जो पांढरा अर्धचंद्र दिसतो तो त्याचाच उघडा भाग. तापात तिथलं काम मंदावलं की तेवढी पट्टी पातळ होते आणि मग नखाबरोबर पुढे सरकत राहते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. पट्टी घेऊन अंगठ्याची खाच कातडीपासून किती पुढे आहे ते मोजा आणि आत लपलेल्या भागाचे दोन-तीन मिलिमीटर त्यात धरा.

आणि एक महत्त्वाचं, टीएसएच केलं तेव्हा बायोटिन चालू होतं का?

शेवंती:
हातातलं काम टाकून मुलाच्या कंपासमधली पट्टी घेतली. अंगठ्यावर ७ मिलिमीटर!! म्हणजे आतलं धरून ९-१०, भागिले ३, सरळ सप्टेंबरच येतो की हो. नवऱ्याला दाखवलं तर तो आता स्वतःची नखं बघत बसलाय.
बायोटिन चालू होतं, का हो?

बाराखडी:
कारण जास्त डोसचं बायोटिन रक्तात असलं तर काही लॅबच्या मशीनवर थायरॉइडचे आकडे चुकतात, टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं, हृदयाच्या ट्रोपोनिन टेस्टचा पण त्यात उल्लेख होता. म्हणजे थायरॉइड खरंच मंद असलं तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. लॅबला विचारून निदान दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवा आणि परत करा, सोबत फेरिटिन पण, त्यावरून अंगातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन १०.८ बाईमाणसाला कमीच आहे, लोहाचं काय ते कळू दे आधी. बायोटिनची कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी केस येतात असा काही भक्कम पुरावा नाही, मेडिकलवाल्याचा धंदा होतो फक्त.

गोल चकती पडली म्हणजे चाई, टाळूला आग किंवा खवले, भुवया पण विरळ, यातलं काही दिसलं तर जानेवारीची वाट बघू नका. सहा महिन्यांनी सुद्धा गळणं थांबलं नाही तरी परत दाखवा. नाहीतर ते आपलं आपण थांबतं, फक्त केस महिन्याला १ सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळे आधीसारखी वेणी व्हायला वेळ लागेल.

खडीसाखर:
मग तेल पण लावायचं नाही की काय?

बाराखडी:
लावा की, केस कमी तुटतात. पण मुळाला तेल पाजायची गरज नाही, प्रत्येक फॉलिकलला स्वतःची तेलग्रंथी चिकटलेली असते. कांद्याच्या रसाने टाळू भाजून घेऊ नका एवढंच.

मोगरा_पुणे:
धागा बघून बरं वाटलं. माझ्या लेकाला शाळेतून हँड फूट माउथ झालं होतं, महिन्याभराने चार बोटांची नखं मुळाकडून सुटून अख्खी निघून आली, मी रडकुंडीला आले होते. बालरोगतज्ज्ञ म्हणाले हा त्याच खाचेचा मोठा भाऊ, काम पूर्णच थांबलं की नख सुटतं. खाली नवीन होतंच.

थोडं अवांतर, मुलगी १० वर्षांची आहे आणि तिच्या घामाला अचानक वास यायला लागलाय, हे पण यातच बसतं का?

बाराखडी:
बसतं. अंगभर घाम येतो त्या एक्राइन ग्रंथी, २० ते ४० लाख, तळहात-तळपायावर खच्चून, त्या जन्मापासून काम करतात आणि तो घाम म्हणजे जवळपास मिठाचं पाणीच. बगलेतल्या ॲपोक्राइन ग्रंथी वयात येताना जाग्या होतात, त्यांचा स्राव त्वचेवरचे बॅक्टेरिया फोडतात आणि वास येतो. दहाव्या वर्षी हे चालतं. ८ च्या आधी सुरू झालं असतं तर दाखवा म्हटलं असतं.

शेवंती:
सगळ्यांचे खूप आभार, बाराखडी ताई तुमचे विशेष. बायोटिन कालपासून बंद केलंय, सोमवारी उपाशीपोटी लॅबला जातेय, टीएसएच आणि फेरिटिन दोन्ही करते. रिपोर्ट आले की इथेच टाकते. सासूबाईंना ठिपक्याचं सांगितलं, त्या म्हणाल्या बघू.