सूर्य डोक्यावर येतो कधी?

खडूफळा: काल इथे एकाने लिहिलं, "शिक्षकांनाच विज्ञान येत नाही, डी.एड. कॉलेजांना टाळं ठोका." निमित्त काय, तर शाळेतल्या बाईंनी या गृहस्थांच्या मुलीला सांगितलं की दुपारी बाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. बाई चुकल्या, कबूल. नाशिक २० उत्तर अक्षांशावर. इथे सूर्य डोक्यावर येतो वर्षातून दोनदाच, २० मे आणि २४ जुलैच्या आसपास, तोही साडेबारा उलटल्यावर. पण महाशय, मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ गच्च. बाईंनी बघायचं कधी? मी पेठ तालुक्यात अकरा वर्षं चार वर्ग एकत्र घेतोय. खिचडीचा तांदूळ मोजा, ऑनलाइन माहिती भरा, निवडणूक आली की मतदार याद्या. यातून वेळ उरला तर विज्ञान.

कॉलेजरोडकर: ते वाक्य माझंच. तांदूळ मोजल्याने पृथ्वीचा अक्ष सरळ होत नाही, सर. डिसेंबरअखेर भर दुपारीही माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते. ते बघायला कुठली सुट्टी आड येते?

सिडकोवाली: डी.एड.चं मी सांगते, २००६ ची बॅच, बारावी आर्ट्स. सरावपाठाला निरीक्षक बघायचे काय, तर हेतुकथन, म्हणजे आज काय शिकणार ते सांगणारं वाक्य, वेगळ्या पेनाने लिहिलंय का. मी धरलेली परीक्षानळी पुठ्ठ्याची, कापून रंगवलेली. शैक्षणिक साहित्य म्हणून दहापैकी नऊ मार्क पडले.

कॉलेजरोडकर: म्हणजे माझंच खरं. धन्यवाद.

सिडकोवाली: धन्यवाद कसले? पुठ्ठ्याच्या जागी काच द्या म्हणतेय मी, टाळं नाही.

पंचवटी_पालक: ते राहू द्या, विज्ञान प्रदर्शनावर बोला कुणीतरी! दरवर्षी ज्वालामुखी. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग. मेन रोडला तयार मिळतो, साडेतीनशेला आणला. पोराने फक्त नाव चिकटवलं. नंबर आला!!

डोंगरवेडा: तोही शंकूचा. आपला अख्खा सह्याद्री लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतून थरावर थर पसरत गेला. ब्रह्मगिरीचे कडे नीट बघा, थर मोजता येतात. पांडवलेणी त्याच लाव्हाच्या काळ्या खडकात, बेसाल्टात कोरलेली. पोरं तिथे सहलीला जातात, डबे खातात आणि घरी येऊन जपानचा फुजियामा करतात.

पंचवटी_पालक: काय भो, मग भेगेचं मॉडेल करू? परीक्षक म्हणतील, फुटलंय वाटतं.

सिडकोवाली: आमच्या शेजारणीने तर रात्री दोनपर्यंत जागून पवनचक्की केली. पोरगा झोपलेला.

खडूफळा: विषय काय चाललाय?

कॉलेजरोडकर: स्टेशनरी.

निवृत्त_गुरुजी: बाईंवर कसला राग काढता? २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच काढली. त्यावर का नाही बोलत?

डोंगरवेडा: गुरुजी, राज्य मंडळाचं पुस्तक वेगळं. आपल्या दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती.

निवृत्त_गुरुजी: धडा आहे हो. मीही शिकवायचो. पोरं विचारायची, मग आताची माकडं माणूस का होत नाहीत? मी म्हणायचो, खाली बस. आपले आणि त्यांचे पूर्वज एक, आपण आजच्या माकडांपासून आलेलोच नाही, हे मला निवृत्त झाल्यावर वाचून कळलं.

कॉलेजरोडकर: गुरुजी, यावर मी काही बोलत नाही.

खडूफळा: आज कुणाला दाखवायला म्हणून नाही, पण मैदानात काठी रोवली. दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा. चौथीतली एक पोरगी म्हणाली, सर, सगळ्यात आखूड सावली बाराला का नाही, साडेबाराच्या सुमारास का? मला पटकन सुचेना.

कॉलेजरोडकर: देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं, आपण पावणेचौऱ्याहत्तरवर. अंशाला चार मिनिटं उशीर. सांगा तिला.

खडूफळा: मीही घरी येऊन पुस्तक काढलं, ते सापडलं. पण तिला सांगणार नाही. उद्या नकाशा आणि पृथ्वीगोल पुढ्यात ठेवतो, शोधू दे. तुम्ही डी.एड. केलेलं नाही, ते मात्र कळलं.