मदत हवी आहे: सशाचा डावा डोळा सारखा वाहतोय, शिंकाही थांबत नाहीत (नाशिक)

नमस्कार मंडळी, इथे सगळे धागे कुत्र्या-मांजरांचेच दिसतात, ससा पाळणारं कुणी आहे का? आमचा चिकू अडीच वर्षांचा, वजन १ किलो ८०० ग्रॅम. पाथर्डी फाट्याला फ्लॅट त्याचा आहे, आम्हाला राहू देतो.

तीन आठवड्यांपूर्वी शिंका सुरू झाल्या. डिसेंबरात इथे पहाटे काय गारठा असतो ते नाशिककरांना सांगायला नको, पिंजरा बाल्कनीत होता म्हणून वाटलं थंडी बाधली असेल, आत घेतला. आईने ओव्याची पुरचुंडी पिंजऱ्याला बांधली आणि मी ऑफिसला गेल्यावर नाकाला बामपण लावणार होती, भावाने पाहिलं म्हणून वाचला.

मग डावा डोळा. आधी नुसतं पाणी यायचं, आता पांढरट घट्ट येतं, सकाळी पापणी चिकटलेली असते, खालचे केस जाऊन लाल कातडी दिसतेय. उजवा डोळा एकदम ठणठणीत. पुढच्या दोन्ही पायांना आतल्या बाजूने केसांच्या चिकट जटा झाल्यात, मला वाटायचं पाण्याच्या वाटीत पाय घालतो.

जवळच्या डॉक्टरांना दाखवलं (नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे पण त्यांच्याकडे रोज येतात ती कुत्री नाहीतर गाईम्हशी). पाच दिवस ड्रॉप्स घातले, डोळा स्वच्छ झाला, बंद केल्यावर चौथ्या दिवशी परत तेच. काल फोनवर म्हणाले लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप आणून तोंडातून द्या. आणलंय पण दिलं नाही, कारण सशांना ते चालत नाही असं कुठेतरी वाचलेलं आठवतंय आणि आता ते कुठे वाचलं तेच सापडेना.

खातोय तसा. कोथिंबीर, मेथी लगेच संपवतो, पण गवत आठवडाभर नुसतं हुंगतो आणि सोडतो, गाजर उचलतो आणि टाकतो. लाड जास्त झाल्यामुळे माजलाय असं घरच्यांचं मत. लेंड्या बारीक झाल्यात.

सिरप द्यायचं का नाही? नाशिकमध्ये ससे बघणारं कुणी आहे का, की सरळ पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलला न्यावं? पासवाल्यांच्या त्या गर्दीत ससा घेऊन बसायचं या विचारानेच मला घाम फुटतोय. सॉरी, फार लांबलं.

प्रतिसाद

ताई, आधी ती बाटली बाजूला ठेवा. अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाला तोंडातून द्यायची नसतात, पोटातले चांगले जंतू मरतात, वाईट वाढतात, जुलाब लागून ससा दगावू शकतो. पेनिसिलिन सशांना देतात पण ते इंजेक्शनने. तोंडातून साधारण एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा देतात, डोस डॉक्टरच ठरवणार. फोन करून "सशाला तोंडातून चालतं का" एवढंच विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही.

दुसरं, मला तो माजलेला वाटत नाही, त्याचे दात बघायला हवेत. सशाचे दात जन्मभर वाढतात, वरच्या दातांची मुळं डोळ्यातून नाकात जाणाऱ्या अश्रूंच्या नळीला अगदी लागून असतात. मुळं वर सरकली की नळी दाबली जाते, पाणी तुंबतं, त्यात पू होतो. एकच डोळा, ड्रॉप्स बंद केले की परत, पाला चालतो पण गवत आणि गाजर नको, हे सगळं तिकडेच बोट दाखवतंय. पुढचे दात छान दिसले तरी मागच्या दाढा बिघडलेल्या असू शकतात, तोंडात स्कोपने बघावं लागतं आणि डोक्याचा एक्स-रे. नळी सलाईनने धुतात, ते करायला सांगा. आणि बुबुळावर जखम नाही ना हे हिरवा डाय घालून बघितल्याशिवाय स्टिरॉइडवाले ड्रॉप्स अजिबात नको.

पायाच्या जटा म्हणजे तो पंजाने नाक पुसतोय. शिंकांमागे पाश्चुरेला नावाचा जंतू असू शकतो, नाकातला स्वॅब देऊन कोणतं औषध लागू पडेल ते कळतं. ससा नाकानेच श्वास घेतो, तोंड उघडून घ्यायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तसाच उचला. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तरी तसंच.

प्रतिसाद

खाली लाकडाचा भुसा टाकता का? आमच्या सिडकोतल्या दोघींना त्या धुळीनेच शिंका यायच्या, भुसा काढून कागद टाकला, कोपरा रोज धुवायला लागलो, बराच फरक पडला. लघवीच्या वासानेही नाक-डोळे चुरचुरतात. गवत मी गोठ्यावरून आणते, फक्त लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम जास्त असतं.

धागाकर्ती

भुसाच आहे हो! आजच काढते. सिरप दिलं नाही, डॉक्टरांना फोन केला, ते स्वतःच म्हणाले मला सशांचा अनुभव कमी आहे, गंगापूर रोडला त्यांच्या ओळखीच्या एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे एक्स-रे होतो, उद्या ११ ची वेळ मिळालीय. भूल द्यावी लागेल म्हणाल्या. आई म्हणतेय रात्रीपासून उपाशी ठेव, माणसांना ठेवतात तसं. ठेवायचं का?

प्रतिसाद

नाही नाही, ससा उलटी करूच शकत नाही, त्याला उपाशी ठेवत नाहीत. उलट पोट थांबेल. त्याच्या आवडीची कोथिंबीर डब्यात घालून सोबत न्या, शुद्धीवर आल्यावर लगेच पुढे धरा. आणि आज रात्री किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा, मॅडम विचारतील.