रोममध्ये चांगलं जेवायचं तर त्रेवी-नावोना सोडा, तेस्ताच्चो गाठा

रानवाट
रोमहून परतलेल्या मराठी मंडळींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: शहर अप्रतिम, जेवणाचं मात्र काही खरं नाही. पास्ता पांचट, पिझ्झा चामट, बिल भरमसाट. हे मत मला खोडून काढायचं आहे, कारण ते त्या शहरावर अन्याय करणारं आहे. रोममध्ये वाईट जेवलेला माणूस बहुतेक वेळा चुकीच्या चौकात जेवलेला असतो.

त्रेवीचं कारंजं, पियाझ्झा नावोना, पँथिऑनभोवतीच्या गल्ल्या. दारात उभं राहून हाका मारणारा माणूस, मेनूवर पदार्थांचे फोटो, पाच-सहा भाषांत नावं आणि एकाच कार्डावर लझान्या, बोलोन्येझे, पेस्तो सगळं. यातलं रोमचं काहीच नाही. बोलोन्येझे बोलोन्याचं, पेस्तो जेनोव्हाचा. आज आलेलं गिऱ्हाईक उद्या विमानात बसणार हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. मग आचाऱ्याने जीव ओतायचा कुणासाठी?

आता कोलोसियमवरून मेट्रोच्या बी लाइनने दोनच स्टेशनं पुढे जा. पिरामिदेला उतरलात की चालत तेस्ताच्चो ही वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराचा मोठा कत्तलखाना इथे बांधला गेला आणि १९७५ पर्यंत तो चालला. उत्तम मांस श्रीमंतांच्या आणि धर्मगुरूंच्या घरी जायचं, कामगारांच्या वाट्याला शेपूट, आतडी, काळीज. इथल्या खानावळींनी त्यातून जे पदार्थ उभे केले ते आज रोमची ओळख म्हणून मिरवले जातात. गुरुवारी न्योक्की (बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे), शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा (वजडी) हा जुना क्रम इथल्या काही त्रात्तोरियांमध्ये, म्हणजे साध्या घरगुती खानावळींमध्ये, अजून पाळतात. पुढच्या गुरुवारी तोच माणूस तेच मागायला येणार आहे, या हिशोबाने तिथे चूल पेटते.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: रात्रीचं जेवण जुन्या मध्यवर्ती भागात घेऊच नये. आणि तेर्मिनी स्टेशनजवळच्या भारतीय रेस्टॉरंटात तर नाहीच नाही. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

संध्याछाया
विरोध आहे, आणि कारण गुडघ्यांचं आहे.

सत्तरीच्या पुढचे सासू-सासरे सोबत होते. सकाळी व्हॅटिकनची संग्रहालयं, दुपारी सेंट पीटर. रोमच्या रस्त्यांवरचे ते काळे चौकोनी दगड चालून चालून पायांचं काय करतात हे तरुणांना कळत नाही. संध्याकाळी साडेसहाला दोघांनाही भूक लागायची. चांगली त्रात्तोरिया साडेसातच्या आत दार उघडत नाही, आणि तुम्ही म्हणता मेट्रोने तेस्ताच्चोला जा!

दुसरं, मध्यवर्ती भागात चांगलं मिळतच नाही हे मला मान्य नाही. खानावळीत मिळत नसेल, भट्टीत मिळतं. काम्पो दे फियोरीच्या चौकातच जुनी बेकरी आहे, तिथली पिझ्झा बियांका म्हणजे वर नुसतं ऑलिव्ह तेल आणि मीठ, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. पिझ्झा रोस्सावर फक्त टोमॅटो. हवा तेवढा तुकडा कापून, वजनावर पैसे. ऑफिसातले रोमनही दुपारी तिथे रांगेत असतात. व्हॅटिकनच्या संग्रहालयांपासून दहा मिनिटांवर, चिप्रो मेट्रो स्टेशनपाशी, गाब्रिएले बोंचींचं पिझ्झारियुम आहे. २००३ पासून चालू आहे, आणि तिथल्या पिझ्झ्यावर बटाटा, भोपळा, हिरव्या भाज्या असं ऋतूप्रमाणे काय काय असतं. आम्ही बाहेर उभ्याने खाल्लं, सासूबाईंना बाकावर बसवलं. त्या दिवसभर खूश होत्या.

वस्तीपेक्षा दुकानाचा प्रकार बघावा. एकच गोष्ट करणारं दुकान मध्यवर्ती भागातही फसवत नाही.

हिरवी_फांदी
रानवाट, तुम्ही ज्या तेस्ताच्चोचं कौतुक करताय ती शाकाहारी माणसासाठी शहरातली सगळ्यात अवघड वस्ती आहे. कत्तलखान्याच्या सावलीत वाढलेलं जेवण आमच्या काय कामाचं?

रोमचे चार प्रसिद्ध पास्ते घ्या. कार्बोनारा, अमात्रिचाना, ग्रिचा, तिन्हीत ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. ते बाजूला काढून देता येत नाही, कारण त्याच्या चरबीतच पास्ता घोळलेला असतो. उरला काचो ए पेपे: मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता शिजवलेलं पाणी. तेही कडक शाकाहारींना चालणार नाही, कारण पेकोरिनो रोमानोचं दूध कोकराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) विरजलं जातं. पार्मिजानो चीजसाठी वासराचं वापरतात. कुणी काय खावं हे मी सांगत नाही, पण ज्याचा नेम आहे त्याला हे आधी कळलं पाहिजे.

फसवणारे पदार्थ आणखी आहेत. भोपळ्याच्या फुलांची भजी मेनूवर निरागस दिसते, आत मोझ्झारेल्लासोबत अँचोवी मासा असतो. पुन्तारेल्ले या कडसर पाल्याची कोशिंबीर हिरवीगार, तिच्या रसात पुन्हा अँचोवी. सुप्ली म्हणजे भाताचा तळलेला गोळा, त्याच्या सॉसमध्ये बऱ्याचदा खिमा. वाढप्याला 'मांस नाही ना?' विचारलं तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, कारण मासा त्याच्या हिशोबात मांस नाहीच.

एक उपयोगी गोष्ट सांगते. युरोपात खानावळीला १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते, आणि त्यात मासा आहे, अंडं आहे, दूध आहे. ती यादी मागा, बोट ठेवून वाचा. डुक्कर त्या यादीत नाही, ते वेगळं विचारावं लागतं.

आमच्यासारख्यांनी जावं ते ज्यू वस्तीत. १५५५ मध्ये पोप चौथ्या पॉलने रोमच्या ज्यूंना नदीकाठच्या त्या कोंदट भागात कोंडलं आणि त्या बंदिवासात एक स्वतंत्र स्वयंपाक घडला. कार्चोफी आला जुदिया म्हणजे अख्खं आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी दिसणारी भाजी) तेलात दोनदा तळून फुलासारखं उमललेलं. बाहेरच्या पाकळ्या पापडासारख्या मोडतात, गाभा लोण्यासारखा. शिवाय कोशेर, म्हणजे ज्यू धर्मातल्या खाण्याच्या, नियमाने दूध आणि मांस एका स्वयंपाकघरात येत नाही. दुधाचे पदार्थ देणाऱ्या कोशेर ठिकाणी मांस आत शिरतच नाही. मासा असू शकतो, तेवढं विचारा. ही वस्ती पियाझ्झा व्हेनेत्सियापासून चालत दहा मिनिटांवर आहे, म्हणजे अगदी मध्यवर्ती! तुमचा नियम इथेच मोडतो.

वजडीप्रेमी
कोल्हापुरात वजडी चवीने खाणाऱ्यांनी तेस्ताच्चोला न जाणं हा गुन्हा आहे. त्रिप्पा आला रोमाना म्हणजे टोमॅटोत मुरलेली, वर पुदिना आणि पेकोरिनो. आपल्या वजडीसारखा जाळ नाही, पण ती चिवट-मऊ मजा तीच. गोमांस न खाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, त्रिप्पा आणि शेपटीचं कोदा आला व्हाच्चिनारा दोन्ही त्यातलेच. त्यांच्यासाठी कोकराच्या भाजलेल्या फासळ्या आहेत, अब्बाक्यो म्हणून मागा. रानवाट यांना पूर्ण पाठिंबा.

रानवाट
हिरवी_फांदी, ज्यू वस्तीचं मान्य. तो भाग मी त्रेवीच्या पंक्तीत बसवत नाही. तिथे स्थानिक ज्यू कुटुंबं अजून जेवायला येतात, म्हणून तर तो टिकून आहे. माझं म्हणणं त्याने पक्कंच होतं.

पण तेस्ताच्चो शाकाहाऱ्यांना उपाशी ठेवतं हे चूक आहे. रोमच्या जेवणात भाजी वेगळी मागवतात आणि तिथे खरी मजा आहे. चिकोरिया रिपास्साता घ्या: कडसर रानटी पालेभाजी उकडून लसूण, तेल आणि सुक्या मिरचीवर परतलेली. मेथी आवडणाऱ्याला ती आवडणारच. पास्ता ए चेची हा हरभऱ्यांचा दाट पास्ता, रोझमेरी घातलेला (अँचोवी आहे का विचारा). वसंतात फावा (वालासारखे कोवळे दाणे), मटार. पिझ्झा मारिनारावर चीजच नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो. तेस्ताच्चोचा बाजार २०१२ मध्ये नव्या इमारतीत गेला, तिथे दुपारी हे सगळं लहान गाळ्यांवर स्वस्तात मिळतं. फक्त संध्याकाळी आणि रविवारी जाऊ नका, बंद असतो.

संध्याछाया, गुडघ्यांबद्दल आदर आहे. पण उभ्याने खाल्लेला पिझ्झा म्हणजे जेवण नव्हे. चार माणसं टेबलाभोवती दोन तास बसतात, एकामागून एक ताटं येतात, हा त्या शहराचा अर्धा आनंद आहे. तो अनुभव मध्यवर्ती भागात विकत मिळत नाही.

एस्क्विलिनो_निवासी
मी काही वर्षं रोममध्ये राहते आहे, नोकरीनिमित्त. ही चर्चा वाचून राहवलं नाही.

रानवाट, तुमच्या मनातलं तेस्ताच्चो थोडं जुनं आहे. तिथेही घरं आता पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिली जातात, शनिवारी रात्री नावाजलेल्या त्रात्तोरियात आरक्षणाशिवाय जागा मिळत नाही आणि शेजारच्या टेबलावर इंग्रजीच ऐकू येतं. नदीपलीकडच्या त्रास्तेवेरे वस्तीची अवस्था आधी अशीच झाली. 'पर्यटक नसलेली वस्ती' म्हणून एखाद्या वस्तीचं नाव पसरवत राहिलो की पुढची पाळी तिची. उलट पँथिऑनपासून हाकेच्या अंतरावर अजूनही जुन्या कुटुंबांच्या खानावळी आहेत, तिथे संसदेतले कर्मचारी जेवतात. त्यांच्याकडे फोन करून आधी जागा धरावी लागते, म्हणून रस्त्यावरून भटकणाऱ्याला त्या दिसत नाहीत. मध्यवर्ती भागात जेवण वाईट मिळतं ते मुख्यतः आधी न ठरवणाऱ्याला.

बिलाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून सांगते. रोम ज्यात येतं त्या लात्सियो प्रांतात माणशी 'कोपेर्तो' (टेबलावर बसण्याचा आकार) लावायला प्रांतिक कायद्याने बंदी आहे, तरी पर्यटकांच्या बिलात तो दिसतो. ब्रेडचे पैसे लावता येतात, पण मग ब्रेड नको असेल तर 'नको' म्हणता येतं. मेनूत माशाची किंमत बऱ्याचदा शंभर ग्रॅमची असते, अख्ख्या माशाची नाही, आणि सगळ्यात मोठे धक्के तिथेच बसतात. मागवण्याआधी वजन विचारा. पदार्थाच्या नावापुढे चांदणी असेल तर तो गोठवलेला आहे. कॉफी काउंटरला उभ्याने घेतली तर एक-सव्वा युरो, चौकातल्या टेबलावर बसून तीच कॉफी कित्येक पट. दरपत्रक लावणं बंधनकारक आहे, ते बघून मगच बसा. पाणी रस्त्यावरच्या नळांवर फुकट मिळतं, शहरभर अडीच हजारांच्या आसपास असे नळ आहेत आणि पाणी थंडगार.

आणि ते तेर्मिनीजवळच्या भारतीय रेस्टॉरंटांबद्दलचं वाक्य मला लागलं. तेर्मिनीजवळच्याच एस्क्विलिनो वस्तीच्या मंडईत बांगलादेशी, भारतीय, चिनी, आफ्रिकी दुकानदार आणि रोमन आज्ज्या एकाच गाळ्यावर कोथिंबीर आणि चिकोरिया घेतात. आमची हिरवी मिरची, कढीपत्ता, मूगडाळ तिथूनच येते. ही माणसं आता रोमचीच आहेत आणि त्यांची चूल रोमचीच चूल आहे. सहलीतल्या माणसाला चौथ्या दिवशी वरणभाताची आठवण आली तर त्याने तिथे जाऊन जेवावं, त्यात कमीपणा कसला?

रानवाट
तुमचं दुखावलं असेल तर मनापासून सांगतो, रोख त्या दुकानदारांवर नव्हता. रोख आहे तो सहलीच्या आखणीवर. सात दिवस इटली आणि सातही रात्री पनीर बटर मसाला, हे गिऱ्हाइकाला विचारून ठरत नाही. त्याला पर्याय तरी द्या, एवढंच मागणं.

त्रास्तेवेरेचं उदाहरण बरोबर आहे, आणि त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तरी संसदेच्या कर्मचाऱ्यांची खानावळ नवख्याला सापडणार कशी? त्याला फोनवर इटालियन बोलता येत नाही. तेस्ताच्चोत दहापैकी सहा ठिकाणी डोळे मिटून शिरलात तरी बरं जेवाल, त्रेवीपाशी दहापैकी एक.

एस्क्विलिनो_निवासी
फोन हॉटेलच्या स्वागतकक्षातून करून मिळतो. सकाळी सांगा, रात्रीसाठी जागा मिळते. रात्री साडेसातची पहिली वेळ मागा, तेव्हा स्थानिक लोक आलेले नसतात. संध्याछाया यांच्या सासू-सासऱ्यांनाही ते जमलं असतं, मधल्या वेळेला पिझ्झा बियांकाचा एक तुकडा दिला की झालं.

संध्याछाया
हे मात्र आधी कुणी सांगायला हवं होतं. तरीही रात्री मेट्रो नको, या मतावर मी ठाम आहे. मध्यवर्ती भागात आधी जागा धरून जेवण, हा माझा पक्ष.

पहिली_वारी
मार्चअखेर आई-बाबांसोबत जातोय, तिघंही शाकाहारी, चीज चालतं, मासा चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी पोचतो, सोमवारी सकाळी निघतो. पहिल्या रात्री ज्यू वस्तीत आर्टिचोक आणि शनिवारी दुपारी तेस्ताच्चोचा बाजार असं ठरवतोय. बरोबर ना?

हिरवी_फांदी
आर्टिचोकचा हंगाम अगदी बरोबर साधलात. पण शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, कोशेर ठिकाणं बंद असतात. ज्यू वस्ती रविवारी दुपारी ठेवा. शनिवारचा बाजार ठीक आहे, लवकर जा. शुक्रवारी रात्री दमलेले असाल, तेव्हा संध्याछाया म्हणतात तसं भट्टीतला पिझ्झा, हॉटेलजवळचाच.