मदत हवी आहे: डेबियन १२, रेड १ आणि बूटचा घोळ

नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या जुन्या टॉवर सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्स) टाकलंय, काम फक्त सांबावरून फाइल शेअरिंगचं. १ टीबीच्या दोन डिस्क, इन्स्टॉलरमध्येच सॉफ्टवेअर रेड १ (म्हणजे मिररिंग, दोन्ही डिस्कवर तोच डेटा) केलं. नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर आता अधिकृत इन्स्टॉलर आयएसओतच येतं, त्यामुळे ती खटपट वाचली.

घोडं अडलंय बूटपाशी. चाचणी म्हणून पहिल्या डिस्कची केबल काढली, तर मशीन बूट डिव्हाइसच सापडत नाही म्हणून बसलं. डेटा दुसरीवर शाबूत आहे, पण ईएफआय पार्टिशन (मशीन जिथून बूट होतं तो छोटा भाग) एकट्या पहिलीवर. मग मिररिंगचा उपयोग काय?

दोन वाटा दिसतात. दुसऱ्या डिस्कवरही ईएफआय पार्टिशन करून तिथे ग्रब (बूटलोडर) टाकायचं आणि ईएफआयबूटएमजीआर या कमांडने बूटच्या यादीत त्याची नोंद करायची. पण ग्रब अपडेट झालं की ही प्रत जुनीच राहणार ना? नाहीतर ईएफआय पार्टिशनचंच मेटाडेटा १.० (रेडची माहिती पार्टिशनच्या शेवटी ठेवणारा प्रकार) वापरून रेड १ करायचं, म्हणजे मदरबोर्डच्या फर्मवेअरला ते साधं फॅट पार्टिशन दिसतं. हा मला जरा जुगाड वाटतो. फर्मवेअरने परस्पर एकाच डिस्कवर काही लिहिलं तर?

चालत्या ऑफिसात तुम्ही यातलं काय वापरता? लेगसी (जुन्या बायोस) मोडमध्ये सगळं नव्याने टाकायचा सल्ला कृपया नको, फाइली चढवून झाल्यात.