जुनी मालिका परत येते, एक जुना चेहरा येत नाही : अनुभव धागा

जुन्या मालिका परत आणायची लाट ओसरायचं नाव घेत नाही. 'फ्रेझर' आली, 'डॅलस' आली, 'ट्विन पीक्स' आली, आपल्याकडे 'सीआयडी' आणि 'क्योंकि' आल्या. प्रत्येक वेळी अडचण तीच: कोणीतरी वारलेलं असतं, कोणी निवृत्त झालेलं असतं, कोणाला तारखा नसतात, कोणाचं सहकलाकारांशी पटत नसतं. इथे लेखन, संकलन, कंटिन्युइटी (दृश्यादृश्यांतला मेळ सांभाळणं), ध्वनी, निर्मिती या बाजूची मंडळी आहेत, म्हणून हा धागा. नुसतं 'आवडलं' किंवा 'बोअर झालं' नको. रिकामी जागा कशी भरली, काय चाललं, काय फसलं आणि का, ते लिहा. रहस्यं फुटतील, त्याला इलाज नाही.

कागदपेन्सिल

लेखनाच्या टेबलावर पहिलं काम एकच असतं. पात्राचं नाव खोडायचं आणि ते पात्र गोष्टीत काय काम करत होतं ते लिहून काढायचं. माणूस परत आणता येत नाही, पण ते काम दुसऱ्या कोणाकडे देता येतं.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण २०२३ची 'फ्रेझर'. मूळ मालिका १९९३ ते २००४, ११ सीझन. वडिलांची, म्हणजे मार्टिनची भूमिका करणारे जॉन महोनी २०१८ मध्ये गेले. भावाची, म्हणजे नाइल्सची भूमिका करणारे डेव्हिड हाइड पीअर्स यांनी परत यायला नकार दिला. म्हणजे दोन खांब एकदम गेले. मार्टिनचं काम काय होतं? उच्चभ्रू मुलाच्या घरात राहणारा साधा, कष्टकरी माणूस. ते काम आता मुलगा फ्रेडीकडे गेलं. तो हार्वर्ड सोडून अग्निशमन दलात गेलेला आहे. म्हणजे बाप-लेकाचा जुना ताण तसाच राहिला, फक्त फ्रेझर आता बापाच्या बाजूला बसला. नाइल्सचा नाजूकपणा, नीटनेटकेपणाचा अट्टहास पुतण्या डेव्हिडकडे गेला. नाइल्स स्वतः जिवंत आहे, सिएटलला आहे, विषय संपला.

पहिला भाग मार्टिनच्या अंत्यविधीनंतर सुरू होतो आणि महोनींना अर्पण केलेला आहे. शिवाय बोस्टनमधल्या बारचं नाव 'महोनीज'. पाटी दिसत राहते, कोणी त्यावर भाषण देत नाही. हे मला जास्त आवडलं.

फ्रेमबाहेर

कला दिग्दर्शनाच्या बाजूने 'गिलमोर गर्ल्स'चं २०१६चं पुनरागमन बघाच. रिचर्डची भूमिका करणारे एडवर्ड हर्मन ३१ डिसेंबर २०१४ला गेले. घरात त्यांचं तैलचित्र आलं, पण त्याच्या बायकोने, एमिलीने, मापं चुकीची दिल्यामुळे ते भिंतभर मोठं झालं. विनोद म्हणून आलेली वस्तू पुढेही पाठीमागे राहते. त्या दिवाणखान्यात कॅमेरा कुठेही लावा, रिचर्ड फ्रेममध्ये येतोच. नट नसताना त्याचा 'प्रेझेन्स' ठेवायचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

लेखनातली जोडी त्याहून चांगली. पहिल्या भागात अंत्यविधीनंतर मुलगी लोरलायला वडिलांची आठवण सांगायला लावतात आणि तिच्या तोंडून भलतंच, बोचरं काहीतरी निघतं. चौथ्या भागात ती आईला फोन करते आणि लहानपणी मॉलमध्ये रडत बसलेली असताना वडील कसे भेटले, रागावण्याऐवजी त्यांनी कसं खायला घेऊन दिलं आणि सिनेमाला नेलं, ते सांगते. पूर्ण प्रसंग एका बाईच्या चेहऱ्यावर. फ्लॅशबॅक नाही, जुनी फीत नाही. पण चौथ्या भागातला फोन चालतो तो पहिल्या भागात जखम करून ठेवली म्हणून. नुसता फोन लिहिला असता तर तो श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला असता.

एका बाजूचा फोन

जिवंत पण न येणाऱ्या नटासाठी फोन आणि मेसेज हेच मुख्य हत्यार. 'सेक्स अँड द सिटी'च्या पुढच्या पर्वात (डिसेंबर २०२१ पासून) सामंथा करणारी किम कॅट्रॉल नव्हती. पहिल्याच भागात, रेस्टॉरंटमध्ये टेबलाची वाट बघतानाच एक ओळखीची बाई विचारते, सामंथा कुठे आहे? म्हणजे प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न पात्राच्या तोंडी घालून मोकळे झाले. कारण दिलं: लंडनला गेली, नायिका कॅरीने व्यावसायिक संबंध तोडले म्हणून रुसली. मग फुलं येतात, मेसेज येतात. कारण बाहेरच्या वास्तवाच्या जवळचं होतं, म्हणून लोकांनी मान्य केलं. आणि दार उघडं ठेवल्याचा फायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाला: दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात कॅट्रॉल फोनवर आली, जेमतेम मिनिटभर, गाडीत बसलेली. सहकलाकारांना न भेटता तिचं वेगळं शूट झालं.

हे तंत्र वापरणाऱ्यांसाठी: फोनवरची न ऐकू येणारी बाजूही पूर्ण लिहा. सहायक दिग्दर्शकाने ती कॅमेऱ्यामागून वाचायची, मग संकलनात काढून टाकायची. नाहीतर नटी दोन वाक्यांमध्ये सारखेच दोन-दोन सेकंद थांबते आणि पलीकडे कोणी नाही हे कळतं. दुसरं, 'काय म्हणालीस? तू लंडनहून येणार?' असं पलीकडचं वाक्य परत उच्चारून घेऊ नका. आपल्या दैनंदिन मालिकांत हे इतकं होतं की फोन वाजला की प्रेक्षक ओळखतो, आता माहिती येणार.

त्याच मालिकेत उलटंही झालं. विली गार्सन सप्टेंबर २०२१ मध्ये, चित्रीकरण चालू असताना गेले. त्यांचं पात्र, कॅरीचा मित्र स्टॅनफर्ड, एका चिठ्ठीवर टोकियोला गेला, नवऱ्याला घटस्फोट मागून. दुसऱ्या सीझनमध्ये कळलं की तो जपानमध्ये शिंतो भिक्षू झाला. नट गेलेला सगळ्यांना माहीत, आणि पात्र मात्र कुठेतरी मजेत. घाईत लिहिलेलं समजू शकतो, पण पुढे दुरुस्त करायला पूर्ण सीझन हाती होता.

जोडकाम

संकलनाकडून. जुनी फीत वापरायचा मोह सगळ्यांना होतो, म्हणून आधी गणित. आपल्या नव्वदीच्या मालिका बहुतेक बीटाकॅमवर (तेव्हाची व्हिडिओ टेप), ४:३ चौकटीत, ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत). १६:९ मध्ये पूर्ण पडदा भरायचा तर ५७६ पैकी ४३२ ओळीच उरतात, त्या १०८० पर्यंत ताणायच्या म्हणजे अडीच पट. क्लोजअप असेल तर वर केस किंवा खाली हनुवटी जाते. क्रम चुकवू नका: आधी डीइंटरलेस (ते दोन भाग एकत्र करणं), मग मोठं करणं. उलटं केलं की हात हलला की कंगव्यासारखे दात दिसतात आणि ते नंतर निघत नाहीत. सगळ्यात सोपी वाट म्हणजे चौकट लपवायचीच नाही. घरातल्या टीव्हीवर, जुन्या कॅसेटवर, मोबाइलवर कोणीतरी बघतंय असं दाखवा.

खरी डोकेदुखी आवाजाची. जुन्या मास्टरवर (अंतिम मूळ टेपवर) संवाद आणि पार्श्वसंगीत एकाच ट्रॅकवर मिसळलेलं असतं, वेगळा संवाद ट्रॅक बहुतेक कोणी सांभाळलेला नसतो. वाक्य कापलं की सतार मध्येच तुटते.

'डॅलस'कडे बघा. २०१२ मध्ये मालिका परत आली, २३ नोव्हेंबर २०१२ला जेआर करणारे लॅरी हॅगमन गेले, दुसऱ्या सीझनचं चित्रीकरण अर्ध्यावर. त्यांचं आधी चित्रित झालेलं साहित्य हाताशी होतं, तेही त्याच कॅमेऱ्यांवरचं, त्याच वयाचं. त्यातून शेवटचा प्रसंग बांधला: जेआर फोनवर मुलाशी बोलतोय, आणि गोळीचा आवाज मुलाला फोनवरून ऐकू येतो. ११ मार्च २०१३ला अंत्यविधीचा भाग आला. आणि गोळी कोणी झाडली याचं उत्तर सीझनच्या शेवटी: जेआरला कर्करोग होता, त्याने स्वतःच हे घडवून आणलं. मृत्यूला मालिकेच्याच स्वभावाचं, कारस्थानाचं रूप दिलं. नट नसतानाही जेआर आठ भाग कथा चालवत राहिला.

उलट उदाहरण 'द सोप्रानोज'. ती पुनरागमनाची मालिका नव्हे, पण धडा तोच. आईची भूमिका करणाऱ्या नॅन्सी मर्चंड २०००मध्ये गेल्यावर जुन्या प्रसंगातलं तिचं डोकं संगणकावर दुसऱ्या शरीराला जोडलं. उजेडाची दिशा आणि केस शॉटगणिक बदलतात. आजही तो प्रसंग वर्गात 'असं करू नका' म्हणून दाखवावा.

हारवाली

कंटिन्युइटीकडून एक अगदी आपल्याकडची गोष्ट. भिंतीवरचा फोटो. हार नाही म्हणजे पात्र जिवंत, चंदनाचा हार आणि कुंकवाचा टिळा म्हणजे वारलेलं. एकही संवाद न बोलता प्रेक्षकाला कळतं, म्हणून पहिल्याच भागाच्या पहिल्याच दिवाणखान्यात हे ठरवून ठेवा. फोटो नवा लागतो, जुन्या भागातून काढलेली चौकट छापली की मोठ्या आकारात फाटते. शूटवरचे स्टिल्स शोधा, नटाची किंवा कुटुंबाची लेखी परवानगी घ्या. कलाकार जिवंत असेल आणि पात्र मारलं असेल तर हार घातलेला स्वतःचा फोटो वापरू देणं अनेकांना नको असतं. ते आधी विचारा, सेट लागल्यावर नाही. फोटोची जागा मास्टर शॉटमध्ये (पूर्ण प्रसंग दाखवणाऱ्या रुंद शॉटमध्ये) पक्की करा, काचेवर दिव्याचं प्रतिबिंब येतं म्हणून फ्रेम वरून दोन बोटं पुढे झुकवा.

कागदपेन्सिल

वरच्यात भर: जिवंत नटाचं पात्र मारू नये असं मानतात, पण हा नियम पक्का नाही. 'विल अँड ग्रेस' २०१७ मध्ये परत आली तेव्हा कॅरनच्या मोलकरणीची, रोझारिओची भूमिका करणाऱ्या शेली मॉरिसन निवृत्त झाल्या होत्या. पात्राला मरण दिलं, आणि कॅरनचा शवपेटीजवळचा प्रसंग त्या सीझनचा सर्वात चांगला प्रसंग झाला. फरक असा की नटी स्वतः परतणार नव्हती, रागाचं कारण नव्हतं. रागातून पात्र मारलं की प्रेक्षकाला वास येतो.

घाईत दोन ओळी

'फुलर हाउस'ची (२०१६) पद्धत: मिशेल न्यू यॉर्कमध्ये फॅशनचा व्यवसाय सांभाळते, असं एकजण म्हणतो आणि सगळे मिळून सरळ कॅमेऱ्याकडे बघत राहतात. मिशेल करणाऱ्या ओल्सन जुळ्या आल्या नाहीत, आम्हालाही माहीत आहे. सिटकॉममध्ये एकदा चालतं. पुढच्या सीझनांतही तोच टोमणा मारत राहिले, तिथे कंटाळा आला.

बदली खेळाडू

चेहरा बदलण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. 'येस, प्राइम मिनिस्टर' २०१३ मध्ये सगळेच नवे नट घेऊन आली, कारण मूळचे दोन्ही प्रमुख नट हयात नव्हते. सगळे बदलले की तुलना पूर्ण मालिकेशी होते. एकच बदलला की त्या एकाचे हाल कुत्रं खात नाही.

आपल्याकडे 'रात्रीस खेळ चाले ३'. शेवंता म्हणजे अपूर्वा नेमळेकर हे समीकरण दुसऱ्या पर्वाने पक्कं केलं होतं. तिसऱ्यातून त्या मध्येच बाहेर पडल्या, कृतिका तुळसकर आल्या. शेवंता भूत आहे, तेव्हा भूत वेगळ्या रूपात येतं असं कथेतच म्हणता आलं असतं, ही सोय दुसऱ्या कुठल्या मालिकेला मिळते? 'क्योंकि'मध्ये प्रश्न वेगळाच. मिहिर आधी अमर उपाध्याय, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. २०२५ मध्ये परत आणताना पहिला चेहरा निवडला. मग मधल्या वर्षांचे कौटुंबिक फोटो, जुनी दृश्यं यांत कोणता मिहिर? अशा वेळी मधला काळ न दाखवणंच शहाणपणाचं.

नवा चेहरा आणायचाच असेल तर पहिल्या प्रवेशात पाठीवरून, सजेशनमधून (दुसऱ्याच्या खांद्यावरून घेतलेल्या शॉटमधून) हळूहळू उघड करण्याचं नाटक नको. दिवसाउजेडी, कामात असलेला, दुसऱ्या पात्राने सहज नावाने हाक मारलेला दाखवा. जुन्या नटाच्या लकबी देऊ नका. वेशभूषेतली एकच वस्तू ठेवा.

तिसरा भाऊ

'ट्विन पीक्स' २०१७. शेरिफ हॅरी करणारे मायकल ऑन्टकीन आले नाहीत. त्याच खुर्चीत रॉबर्ट फॉर्स्टर, हॅरीचा भाऊ फ्रँक म्हणून. हॅरी आजारी, फ्रँक त्याच्याशी फोनवर बोलतो. आडनाव तेच, ऑफिस तेच, माणूस वेगळा. डेव्हिड बोवी २०१६ मध्ये गेले तर त्यांचं पात्र वाफ सोडणाऱ्या भल्यामोठ्या किटलीसारखं यंत्र झालं. हे फक्त दिग्दर्शक डेव्हिड लिंचलाच पचलं, इतरांनी करू नये. पण 'लॉग लेडी' करणाऱ्या कॅथरीन कोल्सन आजारी असताना, सप्टेंबर २०१५ मध्ये, त्यांचे प्रसंग आधी उरकून घेतले: घरात, बसून, फोनवर. पात्रही आजारी दाखवलं, नाकातली ऑक्सिजनची नळी लपवली नाही. कलाकार आजारी असल्याचं कळलं की शेड्यूल उलटं लावा, एवढं निर्मिती विभागाने लक्षात ठेवावं.

तारखा-वाला

निर्मितीकडून. 'रोझॅन' २०१८ मध्ये परत आली, २९ मे रोजी मुख्य नटीच्या ट्वीटवरून वाहिनीने बंद केली. १६ ऑक्टोबरला तिच्याशिवायची 'द कॉनर्स' सुरू. साडेचार महिन्यांत हे जमलं त्याची दोन कारणं. एक, तिने नव्या मालिकेतला आर्थिक हक्क सोडला, त्याशिवाय काहीच हललं नसतं. दुसरं, आधीच्या नऊ भागांत तिचा दुखरा गुडघा आणि वेदनाशामक गोळ्या पेरलेल्या होत्या. म्हणून तिच्या पात्राचा गोळ्यांच्या अतिसेवनाने मृत्यू हा जोडकाम वाटला नाही.

आता एक ताजा मुद्दा, कारण वाहिन्यांकडून विचारणा होते: गेलेल्या नटाचा आवाज एआयने बनवू का? २०२३च्या संपानंतर अमेरिकेतल्या कलाकार संघटनेच्या करारात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती बंधनकारक झाली, मृत कलाकाराच्या बाबतीत वारसांची. आपल्या जुन्या करारपत्रांत हा शब्दच नाही. 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क' या ओळीवर विसंबू नका. नवं पत्र करा, त्यात किती वाक्यं, कोणते भाग, किती वर्षं, पुनःप्रसारणाचं मानधन कोणाला, हे लिहा, आणि सही एका वारसाची नको, सगळ्यांची घ्या.

सीआयडीप्रेमी

डिसेंबर २०२४ मध्ये 'सीआयडी' परत आली तेव्हा फ्रेडरिक्स करणारे दिनेश फडणीस जाऊन वर्ष झालं होतं. त्या जागी दुसरा विसराळू, बायकोला घाबरणारा अधिकारी बसवला नाही, हे बरोबर. ते पात्र लिखाणापेक्षा त्यांच्या अंगातून आलेलं होतं, ते काम दुसऱ्याला देता येत नाही. पण एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्नला स्फोटात मारलं आणि नंतर शिवाजी साटम परतही आले. आता पुढच्या वेळी त्या मालिकेत कोणीही मेलं तरी मृतदेह दाखवेपर्यंत कोणी विश्वास ठेवणार नाही. साळुंखेंनी रिपोर्ट दिला तरीसुद्धा.