बातमीदाराला पाच कोटींच्या दाव्याची नोटीस : न्याय मागणं की तोंड बंद करणं?

खाडीकाठचा
आमच्या तालुक्यातल्या एका बातमीदाराने खाडीतल्या रात्रीच्या वाळू उपशाची बातमी दिली. सक्शन पंपाचे फोटो, डंपरचे नंबर, तहसील कार्यालयाचं उत्तर, सगळं होतं. त्यावर साधा खुलासाही न करता ठेकेदाराने मुंबईच्या वकिलाकरवी नोटीस धाडली : माफी छापा, नाहीतर अब्रुनुकसानीचा पाच कोटींचा दावा मुंबईत लावतो. हा माणूस बातमीमागे मिळणाऱ्या मानधनावर जगतो. प्रत्येक तारखेला रात्रीची एसटी, वकिलाची फी, कामाचा खाडा, हे त्याला परवडणार कसं? त्याने लिहिणं थांबवलं. यंदाही पंप चालू आहेत आणि बातमी कुठेच नाही. ठेकेदाराला हवं ते दावा न लावताच मिळालं. असल्या दाव्यांना कोर्टाच्या दारातच चाळणी हवी.

देवगडचा बागायतदार
दुसरी बाजूही ऐका. ‘जाहिरात द्या, नाहीतर बातमी लावतो’ म्हणणारे मोबाईलवाले चॅनेल गावोगाव झालेत. मी कार्बाइडने आंबा पिकवतो असा व्हिडिओ ऐन हंगामात फिरवला. व्यापाऱ्यांनी ऑर्डरी रद्द केल्या. लॅबचा रिपोर्ट दाखवला तरी कुणी दाद देईना. वकिलाची नोटीस गेली आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ उतरला. आमच्या हातातलं हे एवढं एकच हत्यार काढून घेऊ नका.

राजापूरकर
बागायतदार साहेब, तुमचं नुकसान खरंच झालंय. पण तुम्ही खोटा व्हिडिओ उतरवून घेतलात, कुणाला देशोधडीला लावायला निघाला नव्हता. आमच्याकडे फेब्रुवारी 2023 मध्ये पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी छापून आली त्याच दिवशी त्यांना गाडीखाली चिरडलं. त्याच वर्षी बारसूत रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या वेळी आंदोलकांना तडीपारीच्या नोटिसा गेल्या. हे सगळं पाहिलेला बातमीदार बड्या माणसाची नोटीस आली की नुसता कागद म्हणून वाचत नाही हो. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याने 2017 साली कायदा केला, पण तो मारहाण आणि तोडफोडीपुरता. नोटिशीपुढे त्याचा काही उपयोग नाही.

रत्नागिरीची वकील
नवा कायदा नको, आहे तो वापरा. फौजदारी अब्रुनुकसानी सुप्रीम कोर्टाने 2016 साली वैध ठरवली, कारण अब्रू हाही जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणारा कायदा) कलम 223 प्रमाणे खाजगी फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्था विरुद्ध झी प्रकरणात, खटला चालण्याआधीच बातमीवर सरसकट बंदी घालू नका, असं सुप्रीम कोर्टाने बजावलंय. दारातच चाळणी लावलीत तर सुक्याबरोबर ओलंही जळेल. खऱ्या पीडिताचा पुरावा बरेचदा नंतर उभा राहतो.

खाडीकाठचा
मॅडम, 223 फौजदारीत. पाच कोटींचा दावा दिवाणी. तिथे खोटा, त्रासदायक दावा लावल्याची भरपाई किती? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35-अ : जास्तीत जास्त 3,000 रुपये! एक डंपर वाळू विकली की त्याच्या कितीतरी पट सुटतात. कॅलिफोर्नियात 1992 च्या कायद्याप्रमाणे असल्या प्रकरणात वादीला सुरुवातीलाच दाव्यात दम असल्याचं दाखवावं लागतं. ते जमलं नाही तर दावा तिथेच निकालात निघतो आणि समोरच्याच्या वकिलाची फीही वादीवर बसते. लॅबचा रिपोर्ट हातात असलेला बागायतदार तिथे अडणार नाही, अडेल तो ठेकेदार.

रत्नागिरीची वकील
3,000 ची मर्यादा लाज आणणारी आहे, ती उठलीच पाहिजे. पण हरल्यावर फी अंगावर येणार म्हटलं तर एखाद्या मोठ्या चॅनेलने बदनाम केलेली अंगणवाडी सेविका कोर्टाची पायरी चढेल का? या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूला येणार नाही.

तुमच्या बातमीदाराला मात्र सांगा, नोटीस म्हणजे दावा नव्हे. घाईने माफी छापू नका. मुदतीत उत्तर द्या, फोटोंच्या मूळ फाइली आणि तहसीलचं पत्र जपून ठेवा. नोटिशीची प्रत मला पाठवा. उत्तर मी लिहून देते, फी नको.