शब्दचर्चा : रहस्यकादंबरी पडद्यावर आली की होतो तो हिरमोड, विरस, रसभंग की भ्रमनिरास?

बोरूटाक

चित्रपटांच्या परीक्षणांत 'मूळ कादंबरी वाचलेल्यांचा भ्रमनिराश झाला' असं सर्रास दिसतं. पहिला प्रश्न अर्थातच 'निराश' की 'निरास' हा. दुसरा जास्त महत्त्वाचा. हिरमोड, विरस, अपेक्षाभंग, रसभंग, भ्रमनिरास हे पाचही शब्द या एकाच प्रसंगाला लावले जातात. ते खरंच एकमेकांच्या जागी चालतात का? चर्चा हवेत राहू नये म्हणून रहस्यकादंबऱ्यांवरच्या चित्रपटांची उदाहरणं घेऊन बोलू या, कारण तिथे नेमकं काय मोडलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

सूचना : धाग्यात रहस्यभेद होणार आहे. ॲगाथा ख्रिस्तीच्या 'अँड देन देअर वेअर नन' आणि 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' या कादंबऱ्या वाचायच्या असतील तर आधी त्या वाचा.

निरगाठ

भ्रमनिरास हेच बरोबर. निरास म्हणजे निराकरण, दूर करणं. शंकानिरास म्हणतो तसाच भ्रमनिरास. त्यात आशेचा संबंध नाही, म्हणून 'निराश' चूक.

वाक्यरचनेतही चूक होते. 'मी भ्रमनिरास झालो' असं होत नाही. 'माझा भ्रमनिरास झाला' असंच. निराश मात्र विशेषण आहे, म्हणून 'मी निराश झालो' चालतं. हिरमोड आणि अपेक्षाभंगही 'माझा' घेऊनच येतात. 'हिरमुसणे' हे क्रियापद आहे, 'मी हिरमुसलो' बरोबर.

अर्थाकडे बघितलं तर भ्रमनिरास हा फार मोठा शब्द आहे. आधी भ्रम असावा लागतो, म्हणजे काहीतरी खोटं आपण खरं धरून चाललेलो असावं लागतं. एखादा दिग्दर्शक पुस्तकाशी प्रामाणिक राहतो असं आपण मानत होतो आणि तसं नाही हे कळलं, तर दिग्दर्शकाबद्दल भ्रमनिरास. नुसता चित्रपट फसला तर तो शब्द वापरू नये.

वाचनवेडी

मला हे शब्द वेळेनुसार वेगळे वाटतात.

हिरमोड आधी होतो. त्याला उत्सुकता लागते. सहल रद्द झाली की मुलांचा हिरमोड होतो, कारण ती निघायच्या तयारीत होती. चित्रपट येणार, अमुक भूमिकेला तमुक नट घेतला हे कळलं आणि जावंसंच वाटेना, तर तो हिरमोड. 'उत्साहावर विरजण पडलं' हेही याच वेळेचं. रसभंग मध्येच होतो, रंगलेलं असताना. आणि अपेक्षाभंग मागाहून, ताडून पाहिल्यावर. त्यासाठी हातात माप हवं. इथे ते माप म्हणजे कादंबरी.

अपेक्षाभंगाचं सगळ्यात नेमकं उदाहरण 'अँड देन देअर वेअर नन'. कादंबरी 1939 ची. एका बेटावर दहा जण, प्रत्येकाच्या हातून कोणाचा तरी मृत्यू झालेला, कायद्याच्या तावडीतून सुटलेला. दहाही मरतात. खुनी कोण हे शेवटी बाटलीत घालून समुद्रात सोडलेल्या कबुलीजबाबातून कळतं. 1943 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर नाटक आलं तेव्हा ख्रिस्तीनेच शेवट बदलला. अडचण खरी होती : सगळेच मेले तर रंगमंचावर कथा सांगणार कोण? ज्या बालगीतावर खून बेतलेले आहेत, त्याच्या शेवटच्या ओळीचा एक पाठ गळफासाचा आहे आणि दुसरा लग्नाचा. तिने दुसरा घेतला. दहांपैकी व्हेरा आणि लोम्बार्ड हे दोघे वाचतात. 1945 च्या रने क्लेरच्या चित्रपटाने हाच शेवट उचलला आणि 1965, 1974, 1989 च्या इंग्रजी चित्रपटांनीही तोच. स्थळ बदलत गेलं (बर्फातला डोंगर, इराणचं वाळवंट, आफ्रिकेतली सफारी), शेवट मात्र नाटकाचाच राहिला.

'शेवट गोड केला' इतकीच तक्रार करणं वरवरचं आहे. मूळ कबुलीजबाबात खुनी सांगतो की ज्याचा अपराध सर्वांत हलका तो आधी मरेल आणि जो सर्वांत दोषी त्याला ती भीती शेवटपर्यंत भोगावी लागेल, अशा क्रमाने त्याने माणसं मारली. व्हेरा शेवटी उरते याचं कारण हे आहे. तिला निर्दोष करताच मृत्यूंचा क्रम निरर्थक होतो. 'हिला शेवटी का ठेवलं?' या प्रश्नाला चित्रपटाकडे उत्तर उरत नाही. एका पात्राला निर्दोष ठरवलं आणि दहाही मृत्यूंच्या रचनेचा पाया काढून घेतला. याला हिरमोड म्हणणं फार हलकं होईल.

बोरूटाक

क्रमाचा मुद्दा पटला. पण मग मूळ शेवट ठेवणाऱ्यांनी अपेक्षा पुरी केली म्हणायची का?

वाचनवेडी

बऱ्याच अंशी. स्तानिस्लाव गवारूखिन यांच्या 1987 च्या सोव्हिएत चित्रपटाने मूळ शेवट ठेवला, 2015 च्या बीबीसी मालिकेनेही. बीबीसीने बाटली काढून टाकली. खुनी स्वतः व्हेरासमोर येऊन सगळं सांगतो. त्यात एक गोष्ट गमावली. कादंबरीत पोलीस दहा प्रेतं आणि टिपणं घेऊन बसतात आणि कोडं सुटत नाही. तो चक्रावून टाकणारा भाग गेला. पण अपराधाचा क्रम शाबूत आहे, म्हणून बदल सुसह्य होतो. तिथे मी 'थोडी चुटपुट लागली' म्हणेन. चुटपुट हा शब्द यादीत राहिला होता.

तिसरी घंटा

रसभंगाबद्दल लिहितो, कारण तो शब्द आपण फार स्वस्त केला आहे. मागच्या रांगेत भ्रमणध्वनी वाजला तरी रसभंग. काव्यशास्त्रात त्याचं कारण नेमकं सांगितलं आहे. नवव्या शतकातला आनंदवर्धन 'ध्वन्यालोका'त म्हणतो : अनौचित्यादृते नान्यद् रसभङ्गस्य कारणम्. अनौचित्यावाचून रसभंगाला दुसरं कारण नाही. म्हणजे बदल केला म्हणून रस भंगत नाही. जे जिथे शोभत नाही ते तिथे आणलं म्हणून भंगतो. रूपांतराची तक्रार करताना ही कसोटी हाताशी असावी.

रहस्यकादंबरीत औचित्य कशात असतं? वाचकापासून काय लपवायचं आणि ते कुठल्या साधनाने लपवायचं, यात. 'रॉजर ॲक्रॉइड' (1926) घ्या. निवेदक डॉक्टर शेपर्ड, आणि खुनीही तोच. पत्र आलं 8 वाजून 40 मिनिटांनी. 8 वाजून 50 मिनिटांनी शेपर्ड ॲक्रॉइडच्या खोलीतून निघाला तेव्हा ते पत्र अजून वाचायचं राहिलं होतं. दोन वाक्यं आणि मधली दहा मिनिटं गाळलेली. त्या दहा मिनिटांत खून आहे. शेपर्ड खोटं बोललेला नाही, फक्त बोललेला नाही. वाचक हे सहज ओलांडतो, कारण गद्यात दोन वाक्यांमध्ये वेळ जाणं स्वाभाविकच असतं.

आता हे पडद्यावर करा. ती दहा मिनिटं दाखवली तर रहस्य संपलं. दारातून आत जाणारा शेपर्ड आणि लगेच दारातून बाहेर येणारा शेपर्ड असं जोडलं तर तो सांधा प्रेक्षकाला डाचतो. कॅमेरा कोणाच्या बाजूने बोलत नाही अशी आपली समजूत असते, त्यामुळे त्याने काही गाळलं तर ती फसवणूक वाटते. शिवाय कादंबरीत 'मी' म्हणणारा आवाज वाचकाचा सोबती होतो. पडद्यावर तोच माणूस खोलीतल्या इतर आठ-दहा जणांसारखा एक संशयित दिसतो. 2000 सालच्या, डेव्हिड सुशेची भूमिका असलेल्या दूरचित्रवाणी रूपांतरात निवेदनाची जागा खुन्याच्या रोजनिशीने घेतली आणि ती ख्रिस्तीचा गुप्तहेर पोआरो वाचतो. रोजनिशी खुन्याची हे सुरुवातीपासून माहीत असल्यामुळे, निवेदकावर टाकलेला विश्वास हेच ज्या पुस्तकाचं हत्यार होतं ते बोथट झालं. नट उत्तम, वेशभूषा उत्तम, तरी रसभंग. आनंदवर्धनाच्या अर्थाने.

त्याच पुस्तकात जागेवरून सरकलेली एक खुर्ची आहे. छापील पानावर ती बटलरच्या बोलण्यात येऊन जाते, दहा फुटकळ तपशिलांतला एक. पडद्यावर खुर्चीवर दृश्य थांबवलं तर ती ओरडून सांगते, न थांबवलं तर दिसतच नाही. दोन्हीकडून पंचाईत.

निरगाठ

इथे एक भेद करू या. रहस्यभेद आणि रसभंग एक नव्हेत. पुस्तक वाचलेल्याला खुनी आधीच माहीत आहे, त्याच्यासाठी रहस्यभेद होऊन गेलेला. तरीही तो चित्रपट बघतो. त्याला बघायचं असतं की सुगावा डोळ्यांसमोर ठेवूनही कसा झाकला आहे. म्हणून दुखावते ती रचना, गुपित नव्हे.

याला उलटा दाखला सत्यजित राय यांचा. 'सोनार केल्ला' त्यांचीच कादंबरी, 1974 चा चित्रपटही त्यांचाच. कादंबरीत तोतया डॉक्टर उशिरा उघडा पडतो. चित्रपटात खऱ्या डॉक्टरला ढकलून देऊन तोतयाने त्याची जागा घेतलेली प्रेक्षकांना लवकरच दिसते. 'कोणी केलं' हा प्रश्नच काढून टाकला आणि 'फेलूदाला (रायांच्या गुप्तहेराला) कधी कळणार' हा ठेवला. रहस्यभेद पूर्ण, रसभंग अजिबात नाही, कारण ज्या क्षणी एक प्रश्न काढला त्या क्षणी दुसरा हातात दिला. ख्रिस्तीच्या नाटकात व्हेराला शेवटी ठेवण्याचं कारण काढलं गेलं आणि जागा रिकामी राहिली. दोन्हीकडे बदल करणारा मूळ लेखकच आहे, तेव्हा 'लेखकाला विचारलं नाही' ही नेहमीची तक्रार पुरत नाही.

वाचनवेडी

निरगाठ यांच्याशी सहमत. नट निवडण्यातला धोकाही याच खात्यात धरा. लहानशा भूमिकेत एकच प्रसिद्ध चेहरा दिसला की प्रेक्षक मनात म्हणतो, हाच. पुस्तकात सगळी पात्रं सारख्याच शाईची असतात. सिडनी लुमेटने 1974 च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये सगळाच डबा नामांकितांनी भरला : शॉन कॉनरी, इन्ग्रिड बर्गमन, लॉरेन बकॉल, अँथनी पर्किन्स, व्हनेसा रेडग्रेव्ह, जॉन गिलगुड. चेहऱ्यावरून अंदाज बांधणं बंद झालं. कादंबरीच्या उत्तराशीही ती निवड जुळते, यापेक्षा जास्त सांगत नाही.

मापटं

'आधारित' आणि 'बेतलेला' यांत फरक आहे का? आणि सुगावा, पुरावा, चकवा यांचं काय?

तिसरी घंटा

बेतणे हा शिंप्याचा शब्द. माप घेऊन कापड आखायचं आणि कापायचं. 'कादंबरीवर बेतलेला' म्हणजे तिच्या मापाने कापलेला. इकडेतिकडे शिवण बदलेल, पण छाती-खांदा तोच हवा. 'आधारित' जास्त सैल आहे, पाया तिथला, इमारत कशीही. 'रूपांतर' म्हटलं की मूळ कृतीचं नाव सांगण्याची जबाबदारी येते. राजा नवाथे यांचा 'गुमनाम' (1965) त्याच दहा जणांच्या कल्पनेवर उभा आहे, पण इतका मोकळा की त्याला बेतलेला म्हणता येणार नाही. त्यामुळे त्यावर अपेक्षाभंगाची तक्रारही फारशी लागू होत नाही.

अलीकडचं उदाहरण सुजय घोष यांचा 'जाने जां' (2023), केइगो हिगाशिनोच्या 2005 च्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'वरून. तोक्योचं कालिंपोंग झालं, ते मापात बसलं. पण कादंबरीत तपास करणारा पोलीस कुसानागी आणि गुन्हा झाकणाऱ्या गणितज्ञाचा जुना मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा, ही दोन माणसं आहेत. हिंदीत ती एकाच पोलीस अधिकाऱ्यात मिसळली. वेळ वाचला, पण युकावाचा पेच गेला. त्याला सत्य कळलं आहे, सांगितलं तर मित्र जाईल, आणि सांगायचं त्या पोलिसाला 'पोलीस म्हणून नव्हे, मित्र म्हणून ऐक' अशी तो गळ घालतो. एकाच माणसाने स्वतःला अशी गळ कशी घालायची? खांद्यात कापड कमी पडलं ते इथे.

निरगाठ

मापटं, सुगावा म्हणजे कुणकुण, दिशा. पुरावा न्यायालयात टिकतो, सुगाव्यावर तपास चालतो. चकवा म्हणजे मुद्दाम पेरलेली खोटी दिशा. 'दिशाभूल' हा त्याचा परिणाम. पटकथेत पात्रं कमी केली की आधी चकवे जातात, कारण ते 'कथेला आवश्यक नाहीत' असं वाटतं. मग संशयित तीनच उरतात आणि अर्ध्या तासात उत्तर कळतं. उलट गुन्हेगार बदलला आणि सुगावे तसेच ठेवले, तर ते भलतीकडेच बोट दाखवत राहतात. 2004 मध्ये ख्रिस्तीच्याच 'द बॉडी इन द लायब्ररी'च्या ब्रिटिश दूरचित्रवाणी रूपांतरात दोन गुन्हेगारांपैकी एक बदलला. असं करायचं तर त्या व्यक्तीची आधीची प्रत्येक हालचाल नव्याने बेतावी लागते.

उकल, उलगडा, छडा यांतही फरक करा. गाठीची उकल, घडीचा उलगडा. छडा लावतो तो तपास करणारा. गौप्यस्फोट राजकारण्यांकडे राहू द्या. खुनी कोण हे सांगणाऱ्या मित्राने गौप्यस्फोट केला असं म्हणू नये, त्याने रहस्यभेद केला.

बोरूटाक

विरस राहिला.

वाचनवेडी

विरस बहुतेक वेळा माणसामाणसांत होतो. चौघं मिळून चित्रपट बघायला गेली, एकाने पुस्तक वाचलं होतं, तो बाहेर येताना मूळ शेवट सांगू लागला आणि इतरांची मजा गेली : त्याने विरस केला. एकट्याने बघून वाटतं त्याला विरस म्हणणं चूक नाही, पण शब्द तिथे सैल बसतो. परीक्षणात लिहायचं तर 'वाचकांचा अपेक्षाभंग होतो' लिहा आणि पुढच्याच वाक्यात कुठली अपेक्षा ते सांगा. खुनाचा क्रम, निवेदकाचा आवाज, गाळलेला चकवा, जे असेल ते.